सध्या तिसरा खंड चालू आहे

"सध्या काय वाचताय?" असं विचारणाऱ्याला फार मोठं उत्तर नको असतं. आत्मचरित्र वाचणारा लेखकाचं नाव सांगतो, "शेवटी जरा लांबलंय" म्हणतो आणि विषय संपतो. कवितासंग्रहवाला नुसताच मंद हसतो. त्याला पुढे कोणी छेडत नाही. रहस्यकथावाला खुनी सोडून सगळं सांगून मोकळा होतो. पंचाईत होते ती अद्भुतरम्य आणि विज्ञान-कादंबऱ्या वाचणाऱ्याची. त्याचं उत्तर "त्याचं असं आहे..." इथून सुरू होतं, आणि पहिल्या साम्राज्याची स्थापना होईपर्यंत ऐकणाऱ्याची लोकल निघून गेलेली असते.

नुसतं नाव सांगून सुटावं म्हटलं तर "कशावर आहे?" हे मागोमाग येतंच. आता 'ड्यून' कशावर आहे हे एका वाक्यात सांगून बघा. एक वाळवंटी ग्रह असतो, तिथे एक मसाला सापडतो, त्या मसाल्यावाचून ताऱ्यांमधली वाहतूक बंद पडते, मसाल्याच्या वाळूत आगगाडीपेक्षा लांब अळ्या फिरत असतात, आणि पंधरा वर्षांचा एक मुलगा... इथवर आलं की समोरचा माणूस अत्यंत मायेने विचारतो, "बाकी घरी सगळे ठीक?"

फ्रँक हर्बर्टची ही कादंबरी 1965 साली आली. त्याआधी वीसेक प्रकाशकांनी ती परत पाठवली होती. शेवटी छापली ती चिल्टन नावाच्या कंपनीने, जिची ख्याती मोटारदुरुस्तीच्या पुस्तकांसाठी होती. मला ह्याचं कधी नवल वाटलं नाही. मागे परिशिष्टं, नकाशा आणि शब्दार्थांची यादी असलेला तो गठ्ठा बघून, हे आपल्या लाइनीतलं आहे असं वाटलं तर मोटारवाल्यांनाच वाटणार.

माझी आत्या लातूरची. उन्हाळ्यात ती आमच्याकडे आली तेव्हा हे पुस्तक माझ्या उशाशी होतं. जाडी बघून तिने आधी पायातल्या चपला काढल्या आणि मग विचारलं, "पारायण लावलंयस का रे?" मी म्हटलं, कादंबरी आहे. "मग सांग की." आत्याला नाही म्हणण्याची आमच्या घरात पद्धत नाही. मी सांगायला लागलो. त्या ग्रहावर पाऊस म्हणून पडत नाही. तिथले लोक अंगभर एक पोशाख घालतात. घाम, लघवी, श्वासातला ओलावा, सगळं त्यात गोळा होतं, गाळलं जातं आणि गळ्याशी असलेल्या नळीने परत प्यायला मिळतं. मला वाटलं होतं आत्या नाक मुरडेल. ती म्हणाली, "2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं तेव्हा कुणाला सुचलं नाही हे."

मी नेटाने पुढे गेलो. माणूस मेला की त्याच्या देहातलं पाणीसुद्धा काढून घेतात, ते टोळीच्या मालकीचं होतं. आत्याने खिडकीबाहेर बघून घेतलं आणि आवाज खाली आणला. "हे मोठ्यानं सांगत जाऊ नकोस. नगरपालिकेच्या कानावर गेलं तर पट्टी बसवतील."

मग मी हुकमाचं पान काढलं. नव्या राजाच्या बैठकीत वाळवंटातला एक पुढारी येतो आणि थेट राजासमोर टेबलावर थुंकतो. अंगरक्षक खवळून उठतात. पण एका जाणत्याला रीत ठाऊक असते: जिथे थेंबाथेंबाचा हिशेब आहे तिथे अंगातलं पाणी दुसऱ्यासमोर अर्पण करणं हा सगळ्यात मोठा मान. विज्ञान-कादंबरीतला इतका सुंदर प्रसंग मला दुसरा सांगता येणार नाही. आत्या बराच वेळ विचार करत होती. "म्हणजे आमच्या एसटी स्टँडाएवढा मान तर कुणालाच मिळाला नसेल," ती म्हणाली, आणि मग जरा रागावूनच, "ह्यात त्या माणसानं मनानं रचलेलं काय आहे सांग बघू?"

आमच्या वाचकांचं खरं दुखणं हे आहे. जगावेगळं काही सांगायला जावं, तर ऐकणाऱ्याला ते शेजारच्या आळीतलं निघतं. टेरी प्रॅचेटच्या 'डिस्कवर्ल्ड'ची तर घरात सुरुवातच करायची सोय नाही. चपटी पृथ्वी, ती चार हत्तींच्या पाठीवर, हत्ती एका प्रचंड कासवावर, आणि कासव अवकाशातून पोहत चाललंय. ह्या कल्पनेवर माणसाने 41 कादंबऱ्या लिहिल्या, आणि त्यातल्या निम्म्या तरी हसून हसून डोळे पुसायला लावणाऱ्या आहेत. आईने फक्त एवढंच विचारलं, "चारच? आपल्यात दिग्गज आठ आहेत. बाकीचे चार कुठे गेले?" परदेशात सगळीकडे माणसं कमी करतायत, मी म्हटलं. तिला ते पटलं.

लोकलमध्ये गोष्ट सांगण्याचे कष्ट पडत नाहीत. लोक आपापलं वाचून घेतात. जॉर्ज आर. आर. मार्टिनची 'अ साँग ऑफ आइस अँड फायर' ही मालिका मी डोंबिवली ते सीएसएमटी अशी वाचत होतो, आणि एक गृहस्थ ती माझ्या उजव्या खांद्यावरून वाचत होते. ते तिसऱ्या खंडात सामील झाले. घाटकोपरला उतरायचे, त्यामुळे कुठल्याही प्रकरणाचा शेवट त्यांना ठाऊक नव्हता, आणि त्याबद्दल त्यांची तक्रारही नव्हती. मार्टिनच्या प्रकरणांना त्या त्या पात्राचीच नावं असतात. पान उलटलं की मागून प्रतिक्रिया यायची: "वा, आज बुटक्याचा नंबर." किंवा, "ही पोरगी अजून घरी नाही पोचली?" कधी मी घाईत पान उलटलं तर खांद्यावर बोट टेकायचं. "माझ्या दोन ओळी राहिल्यात."

एकदा गाडी दिवा-मुंब्र्याच्या मध्ये थांबली होती तेव्हा त्यांनी विचारलं, "ह्या मुलांचे वडील कुठे दिसत नाहीत?" मी म्हटलं, त्यांचा शिरच्छेद झाला, पहिल्या खंडात.

"हिरो होते ना ते?"

"हो."

"आणि पहिल्याच भागात मारला?"

"हो."

"मग पुढच्या भागांचे पैसे कोण देतं?"

सगळे देतात, हे त्यांना समजावणं मला जमलं नाही. शेवट काय होतो असं त्यांनी विचारलं तेव्हा तर माझी आणखी अडचण झाली, कारण शेवट लेखकाने अजून छापायला दिलेलाच नाही. पहिला खंड 1996 चा, पाचवा 2011 चा, आणि सहाव्याची जग तेव्हापासून वाट बघतंय. मधल्या काळात त्यावरची टीव्ही मालिका येऊन, गाजून, लोकांच्या शिव्या खाऊन संपलीसुद्धा. मार्टिन अजूनही डॉसच्या जुन्या संगणकावर, वर्डस्टारमध्ये लिहितात, हे ऐकल्यावर मात्र गृहस्थांच्या चेहऱ्यावर प्रथमच आपुलकी दिसली. "आमच्या पगारपत्रकाचं असंच आहे," ते म्हणाले. "येईल. पण फोन करून उपयोग नाही."

खंडांची वाट बघण्याची ह्या वाचकांना इतकी सवय झालेली असते, की "सध्या" ह्या शब्दाला त्यांच्या तोंडी काही अर्थच उरत नाही. 'सिल्मरिलियन' सध्या वाचणारे एक स्नेही माझ्या ओळखीचे आहेत. त्यांच्या पुस्तकातली खूण म्हणजे एका लग्नाची आमंत्रणपत्रिका आहे. त्या जोडप्याची मुलगी यंदा दहावीला बसली. दुसरी जात आणखी सावध. शेवटचा खंड बाजारात आल्याशिवाय ही माणसं पहिल्याला हात लावत नाहीत. त्यांना भित्रं म्हणता येत नाही, कारण रॉबर्ट जॉर्डनचा दाखला त्यांच्याकडे तयार असतो. 'व्हील ऑफ टाइम' 1990 ला सुरू झाली. 2007 मध्ये जॉर्डन वारले तेव्हा गोष्ट अर्ध्यावर होती. मग ब्रँडन सँडरसन ह्या तरुण लेखकाने, मागे राहिलेल्या टिपणांवरून, तीन खंडांत ती पुरी केली आणि 2013 साली चौदावा खंड आला. आपल्याकडे बाणभट्टाची 'कादंबरी' त्याच्या मुलाने पुरी केली होती. तेव्हा सोय घरातल्या घरात झाली, एवढाच फरक.

ह्या सँडरसनचा विषय आमच्या रविवारच्या बैठकीत निघाला की बोलण्याचा अधिकार एकीकडेच असतो. फडके रोडला लागून असलेल्या गल्लीत एका चहावाल्याकडे आम्ही चार-पाच जण जमतो. त्यात एक कॉलेजातली मुलगी आहे. हजार पानांचा खंड ती परीक्षेच्या आदल्या आठवड्यात संपवते. परीक्षा नसली तर तिला इतका वेग साधत नाही. तिनेच आम्हाला सांगितलं, की करोनाच्या काळात सगळं जग घरात भांडी घासत असताना ह्या गृहस्थांनी कुणाला न सांगता चार जादा कादंबऱ्या लिहून ठेवल्या, आणि 2022 मध्ये त्यांच्यासाठी वाचकांकडूनच आगाऊ पैसे मागितले तर चार कोटींहून जास्त डॉलर जमले. बैठकीत शांतता पसरली. आमच्यातल्या एकाने एका मराठी ग्रंथाच्या प्रकाशनपूर्व सवलत योजनेत भरलेली रक्कम, आणि न आलेला ग्रंथ, ह्यांची आठवण काढली. दुसरा चहा त्याला आम्ही पाजला.

बैठकीत एक काका आहेत. नगररचना खात्यात हयात घालवून निवृत्त झालेले. आमच्या नादाने त्यांनी वाचायला घेतलं ते डग्लस अ‍ॅडम्सचं 'द हिचहायकर्स गाइड टू द गॅलेक्सी'. आधी बीबीसीच्या रेडिओवर गाजलेलं, 1979 साली पुस्तक झालेलं आणि पाच भाग होऊनही स्वतःला त्रयी म्हणवून घेणारं. सुरुवातीला आर्थर डेंट नावाच्या एका साध्या माणसाचं घर बायपास रस्त्यासाठी पाडायला बुलडोझर येतो. थोड्याच वेळात व्होगॉन नावाचे परग्रहावरचे कारकून येऊन अख्खी पृथ्वी पाडतात, तीही बायपाससाठीच, फक्त अवकाशातल्या. जगभरचे लोक हे वाचून पोट धरून हसतात. काका पुढच्या रविवारी आले ते कपाळाला आठ्या घालून.

"काका, आवडलं नाही?"

"लेखकाला कामकाजाची माहिती आहे," काका म्हणाले. "पण तो सारखा त्या आर्थरची बाजू घेतो. नकाशे पाहणीसाठी ठेवले होते की नाही?"

"काका, तळघरात ठेवले होते. बंद पडलेल्या शौचालयात. कुलूप घातलेल्या कपाटात. आणि दारावर 'बिबट्यापासून सावध' अशी पाटी."

"जागेची अडचण कुठल्या ऑफिसात नसते?"

"आणि बिबट्या?"

"आमच्या एका ऑफिसच्या मागे खरा येत असे. पाटीसुद्धा नव्हती."

मुलीने पृथ्वीचा मुद्दा काढला. पृथ्वी पाडण्याचा आदेश अल्फा सेंटॉरीवरच्या कार्यालयात लावला होता. चार प्रकाशवर्षांहून लांब! इथून माणसाने जायचं कसं? काकांनी बशी खाली ठेवली. "आदेश किती वर्षं लावलेला होता? पन्नास. पन्नास वर्षं! आम्ही जन्मात कुणाला इतकी मुदत दिली नाही. आणि त्या मुदतीत पृथ्वीवरून एक हरकत गेली नाही. एक साधा अर्ज नाही. मग मशिनरी आल्यावर 'आम्हाला कळलंच नाही' म्हणून ओरडायचं. अहो, असे लोक मी छत्तीस वर्षं..." इथे त्यांना ठसका लागला. हसावं की सांत्वन करावं हे आम्हाला कळेना. ह्या पुस्तकावर जगात पुष्कळ लिहिलं गेलं असेल. व्होगॉनांचं वकीलपत्र घेणारा समीक्षक डोंबिवलीलाच मिळाला.

त्यामानाने लिऊ त्सिशिन ह्या चिनी लेखकाची 'द थ्री-बॉडी प्रॉब्लेम' बैठकीत सुरळीत पार पडली. तीन सूर्यांच्या कचाट्यात सापडलेली एक संस्कृती पृथ्वीवर चाल करून निघते, पोचायला तिला चारशे-साडेचारशे वर्षं लागणार असतात, आणि तोवर माणसं आपसांत काय काय करून घेतात ह्याची ती गोष्ट. इंग्रजी भाषांतराला 2015 साली ह्यूगो पुरस्कार मिळाला. भाषांतरित कादंबरीला तो मिळण्याची ती पहिली वेळ. आमच्यातले एक जण चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्रात काम करून आता मुलाकडे राहायला आलेत. लेखक कित्येक वर्षं शान्शी प्रांतातल्या एका वीज केंद्रात संगणक अभियंता होता, हे कळल्यावर त्यांनी कादंबरी न वाचताच तिला पसंती दिली. "रात्रपाळीला बॉयलर नीट चालू असला ना," ते म्हणाले, "की पहाटे तीननंतर असंच सुचतं."

तेवढ्यात कोणीतरी हमखास विचारतो, "हे सगळं इंग्रजी झालं. मराठीत काय आहे?" आणि दुसरा तितक्याच हमखास म्हणतो, "नारळीकर." मग सगळे माना डोलवतात आणि विषय संपतो. ह्या माना डोलवण्याचा मला राग आहे. 'प्रेषित' आणि 'वामन परत न आला' ही नावं ज्यांच्या ओठांवर असतात त्यांनी ती बहुधा शाळेच्या सुट्टीत वाचलेली असतात, आणि सुबोध जावडेकर, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे ही नावं घेतली की ते चहावाल्याला हाक मारतात. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्नला मराठीत आणून 'मुक्काम शेंडेनक्षत्र'सारखी पुस्तकं दिली ती मुलांसाठी, हे खरं. पण तेव्हापासून आम्ही अख्खा प्रकारच मुलांच्या कपाटात ठेवून दिला. वाचनालयात मी विज्ञान-कादंबरी बदलायला नेली की काउंटरवरच्या बाई अजून विचारतात, "किती वर्षांचा आहे मुलगा?" दिवाळी अंकात एखादी विज्ञानकथा असते, तिची जागा राशिभविष्याच्या जरा अलीकडे.

नारळीकरांना ही जागा ठाऊक असावी. 1974 साली त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप ह्या नावाने, म्हणजे स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. आपलं नाव बघून परीक्षकांनी झुकतं माप देऊ नये म्हणून. कथेला पहिला क्रमांक मिळाला. कृष्णविवर, काळाची गती मंदावणं, हे सगळं मी विज्ञान म्हणून मान्य करतो. पण मराठी लेखक स्पर्धेला जाताना आपलं मोठं नाव लपवतो, ह्यावर परग्रहावरचा वाचकसुद्धा सहजी विश्वास ठेवणार नाही. पुढे 2021 मध्ये तेच नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा आमच्या बैठकीत पेढे वाटले गेले. पेढे खाणाऱ्यांपैकी किती जणांनी त्यानंतर 'व्हायरस' काढून वाचली, ते मी विचारलं नाही. पेढे माझे होते.

ह्या पुस्तकांचा खरा बाजार म्हणजे मुंबईत फ्लोरा फाउंटनचा फूटपाथ. तिथल्या विक्रेत्याला लेखक ठाऊक नसला तरी चालतं. तो पाठीच्या जाडीवरून भाव सांगतो, आणि मुखपृष्ठावर ड्रॅगन असेल तर पन्नास रुपये वर. त्याच्याकडे कुठल्याही मालिकेचा पहिला खंड कधीही नसतो. ज्यांच्याकडे पहिला असतो ते तो विकत नाहीत, किंवा तो वाचून झाल्यावर पुढचे घेतच नाहीत, कारण काहीही असो. फूटपाथवर येतात ते दुसरे आणि पाचवे. आमच्या पिढीतल्या कित्येकांचं ह्या साहित्यातलं शिक्षण असं मधूनच सुरू झालेलं आहे. राजा का पळतोय हे न कळता आम्ही त्याच्याबरोबर चारशे पानं पळालो, आणि मला विचाराल तर मजा त्यातच जास्त आली. पहिल्या खंडात लेखक सगळं समजावून सांगत बसतो.

काकांनाही तिथे आयझॅक असिमोव्हच्या 'फाउंडेशन' मालिकेतला दुसराच खंड मिळाला, 1952 चा 'फाउंडेशन अँड एम्पायर'. मागचा भाग त्यांना मी तोंडी सांगितला: हरी सेल्डन नावाचा गणिती, मोठ्या लोकसंख्येच्या वागण्याचं गणित मांडून त्याने ओळखलेला साम्राज्याचा नाश, त्यानंतर येणारं तीस हजार वर्षांचं अंधारयुग, आणि ते एक हजार वर्षांवर आणण्यासाठी त्याने आखून ठेवलेली योजना. काका सावरून बसले. "हजार वर्षांचा विकास आराखडा," ते म्हणाले. "आमचा वीस वर्षांचा असायचा. मंजूर होईपर्यंत त्यातली बारा उलटलेली."

पुढच्या रविवारी ते पुस्तक संपवूनच आले. त्यात एक प्रसंग आहे. सेल्डन मरून तीनशे वर्षं झालीत. संकटाच्या घटकेला त्याची आधीच करून ठेवलेली मुद्रित प्रतिमा एका दालनात प्रकट होते आणि पुढचा मार्ग सांगते, अशी व्यवस्था आहे. सगळे जमतात. प्रतिमा प्रकट होते, आणि भलत्याच भांडणाबद्दल गंभीरपणे बोलत राहते. खरा शत्रू, ज्याचा गणितात हिशेबच धरला नव्हता, तो दारात उभा आहे. वाचकाच्या अंगावर काटा यावा अशी जागा. काकांच्या चेहऱ्यावर मात्र निवृत्तीनंतर प्रथमच समाधान होतं.

"अगदी हेच," ते म्हणाले. "नकाशात बगीचा. जागेवर जाऊन बघावं तर चार मजली इमारत, खाली मेडिकल, लोक राहायला आलेले. आणि आपण त्या इमारतीसमोर उभं राहून बगीच्याबद्दल बोलायचं." मग त्यांनी पिशवीतून पुस्तक काढलं, समासात पेन्सिलीने केलेल्या खुणा चाळल्या आणि मला विचारलं, "एक सापडलं नाही मला. पहिल्या भागात असेल. सेल्डनने योजना जाहीर केली तेव्हा हरकती-सूचनांना मुदत किती दिली होती?"

दिलीच नव्हती, मी म्हटलं. त्याने ती गुप्त ठेवली होती.

"तरीच टिकली तीनशे वर्षं," काका म्हणाले आणि त्यांनी चहाचे पैसे दिले.